घाण्याची पेंड माणसांच्या ताटात : शेंगदाणा पेंडीच्या पिठाचा नऊ महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर विजेवर फिरणारा एक लाकडी घाणा आहे. तेथील तेल चांगले असते, हे साऱ्या पेठेला ठाऊक असल्यामुळे त्याविषयी वेगळे लिहिण्याचे कारण नाही. मला लिहायचे आहे ते तेल निघून गेल्यावर उखळीत उरणाऱ्या पेंडीबद्दल. ही पेंड इतकी वर्षे गोणीत भरून गोठ्यांकडे जात असे, आणि आजही बरीचशी तिकडेच जाते. गेल्या दिवाळीच्या सुमारास मात्र दुकानाच्या मालकांनी तिच्यातला काही भाग वाळवून, दळून आणि चाळून ‘खाद्य शेंगदाणा पेंड पीठ’ या नावाने विकण्यास सुरुवात केली. अखंड पेंड ७० रुपये किलो आणि पीठ ११० रुपये किलो, असा भाव मला लागला. तेव्हापासून यंदाच्या श्रावणापर्यंत मी हे पीठ सहा वेळा आणले, आणि भाकरीपासून लाडवापर्यंत जेथे जेथे सुचले तेथे ते वापरून पाहिले.

पहिली पिशवी घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरचे नाव वाचले आणि “म्हशीची वैरण पण आणलीस का सोबत?” एवढेच विचारले. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचे कौतुक आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे, पण पेंडीच्या वाट्याला तसे कौतुक आलेले नाही. पेंड म्हटले की दावण आणि घमेलेच डोळ्यांपुढे येते. ही अढी निव्वळ सवयीची आहे, असे मी आधी समजत होते. पुढे लक्षात आले की तिच्यामागे एक खरे कारणही आहे, आणि पिठाचे मोल ठरवताना ते विसरून चालत नाही.

पीठ कशाचे आहे हे समजावे म्हणून एका शनिवारी सकाळी मी घाण्यापाशी उभी राहिले. उखळीत दहा किलो दाणे पडले. लाट, म्हणजे उखळीत फिरणारा जाड लाकडी दांडा, फिरू लागल्यावर पहिली काही मिनिटे दाण्यांचा नुसता भुगा होत राहिला आणि तेलाचा पत्ताच नव्हता. मग मालकांनी ओंजळभर पाणी शिंपडले. दाण्यांच्या चोथ्याने ते पाणी धरून ठेवले की अडकलेले तेल मोकळे होते, ही घाणेवाल्यांची जुनी रीत आहे. थोड्याच वेळात भुगा उखळीच्या कडेला दाबून बसला आणि मधून तेल वाहू लागले. पाऊण तासाने तेल काढून झाल्यावर गड्याने लोखंडी सळईने कडेची पेंड खरवडली. तिचे बोटभर जाडीचे वाकडे तुकडे निघाले. ते हाताला कोमट आणि किंचित ओलसर लागत होते, आणि त्यांना कच्च्या दाण्याचा गोडसर वास येत होता. एक तुकडा तोंडात टाकला तर चव दाण्याचीच, पण बरीच कोरडी. ही ओल लक्षात ठेवावी, कारण पुढच्या तक्रारीचे मूळ तिच्यातच आहे.

दहा किलो दाण्यांतून सव्वाचार लिटरच्या आसपास तेल निघते, असे मालक सांगतात. शेंगदाण्यात जातीनुसार ४५ ते ५० टक्के तेल आणि २५ टक्क्यांच्या जवळपास प्रथिने असतात. मधला आकडा म्हणून ४८ टक्के तेल धरले, तर दहा किलो दाण्यांत चार किलो आठशे ग्रॅम तेल होते. त्यातले सव्वाचार लिटर, म्हणजे वजनाने सुमारे ३ किलो ८७० ग्रॅम, बाहेर आले. पाण्याचा हिशेब सोडला तर उरली सहा किलो शंभर-सव्वाशे ग्रॅम पेंड, आणि दाण्यातील अडीच किलो प्रथिने जवळजवळ सगळी तिच्यातच राहिली. याचा अर्थ पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास आणि तेल १५ टक्क्यांच्या आसपास असणार. हे प्रमाण उत्तम आहे. तूरडाळीत प्रथिने बावीस टक्क्यांच्या जवळपास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे पेंड काय योग्यतेची आहे ते समजते.

पिशवीवर मात्र ‘५० टक्के प्रथिने’ असे छापले होते. हिशेबाची वही घेऊनच मी मालकांना विचारले, तर ते म्हणाले, “ताई, नेटवर तेवढेच लिहिलंय.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, पण तो आकडा वेगळ्या मालाचा आहे. मोठ्या कारखान्यांत हेक्झेनसारख्या द्रावकाने पेंडीतले उरलेसुरले तेलही काढून घेतात. त्या पेंडीत तेल दीड टक्क्याच्या आत उरते आणि प्रथिने पन्नाशीच्या जवळ जातात. घाण्यावर तेवढे तेल निघत नाही. माझ्या हिशेबातल्या दाण्यांतले तेल अगदी थेंबन्‌थेंब काढले, तरीही प्रथिने ४८ टक्क्यांवरच थांबतात. छापील आकडा चुकीचा आहे, याची नोंद गिऱ्हाइकाने घ्यावी. मात्र ४० टक्के हेही काही थोडे नाही, आणि उरलेल्या त्या १५ टक्के तेलामुळेच या पिठाला चव आहे. द्रावकाने काढलेल्या पेंडीचे पीठ भुशासारखे लागते. घाण्याच्या पिठाची चटणी करता येते.

चटणीपासूनच सांगते, कारण ती सर्वांत चांगली जमली. दोन वाट्या पीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे भाजले. दाण्याचे कूट भाजताना येतो तसाच वास आला, पण कूट जसे कढईला तेल सोडते तसे या पिठाने सोडले नाही. त्यात सोललेला लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटले, आणि शेवटी दोन चमचे घाण्याचेच तेल घातले. सोलापुरी शेंगदाणा चटणी कुटता कुटता दाण्याचे तेल सुटून गोळा धरते, तसा गोळा येथे बनणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. ही चटणी मोकळी आणि रवाळ राहते. ती भाकरीवर पसरत नाही, भाकरीच्या घासाने उचलावी लागते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी चव घेतली, दुसऱ्या दिवशी मागून घेतली, आणि वैरणीचा विषय तेथेच मिटला.

वांग्याच्या भाजीत आणि रश्शात कुटाऐवजी हे पीठ घालून पाहिले. रस दाट होतो, किंबहुना कुटापेक्षा लवकर दाट होतो, म्हणून निम्मेच पीठ पुरते. तवंग मात्र येत नाही. आमच्या घरी रश्शावर तवंग दिसल्याशिवाय रस्सा झाला असे कोणी मानत नाही, त्यामुळे मी निम्मे कूट आणि निम्मी पेंड असा तोडगा काढला. साबुदाण्याच्या खिचडीत हे पीठ घालण्याचा प्रयोग करू नये. खिचडीतले कूट साबुदाण्याला तेलाचा हात देऊन मोकळे ठेवते, तर हे कोरडे पीठ त्यातला ओलावाच शोषून घेते आणि चिकट गोळा होतो. उपवासाला पेंड चालते का, यावर घरात अर्धा तास वाद झाला. दाणे चालतात तर पेंड का चालू नये, हा सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता, पण खिचडीने तो पुढे नेऊ दिला नाही.

लाडू मला पसंत पडले नाहीत. गूळ आणि तूप घालूनही ते घशाशी बसतात. ज्वारीच्या भाकरीत पाचवा हिस्सा पेंड घातली की भाकरी थापताना कडेला चिरते. पीठ उकळत्या पाण्यात मळले तर काम भागते, पण भाकरी जाडच ठेवावी लागते. थालिपिठाला असली अडचण नाही, कारण भाजणीत हरभऱ्याचे आणि उडदाचे पीठ बांधणी करतेच. एक किलो भाजणीत दोनशे ग्रॅम पेंडपीठ, हे प्रमाण आता आमच्याकडे कायमचे झाले आहे.

थालिपीठ चवीखेरीज आणखी एका कारणाने योग्य ठरते. प्रथिनांची टक्केवारी ही अर्धीच गोष्ट असते, ती प्रथिने कोणत्या अमिनो आम्लांची बनली आहेत ही उरलेली अर्धी. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसीन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते. ज्वारीतही नेमके तेच कमी असते. त्यामुळे ज्वारीच्या भाकरीत पेंड घातली तर प्रथिनांचे वजन वाढते, पण ती उणीव म्हणावी तशी भरून निघत नाही. हरभरा, तूर, मूग या डाळींत लायसीन भरपूर असते. पेंडीची खरी सोबत त्यांच्याशी आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे फार पूर्वीच ओळखले होते. १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेने कुपोषणावर उपाय म्हणून जे ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले, त्यात ७५ भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ आणि २५ भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ होते, आणि वरून जीवनसत्त्वे व खनिजे घातलेली होती. पुढे १९७० च्या दशकात याच संस्थेने शेंगदाण्याचे प्रथिन दुधात मिसळून ‘मिल्टोन’ नावाचे पेय काढले. म्हणजे पेंड माणसाच्या ताटात आणण्याची कल्पना आमच्या घाणेवाल्यांची नव्हे आणि आजकालच्या आरोग्यवेडाचीही नव्हे. देशातल्या चांगल्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. पिशवीवर ‘हरभऱ्याच्या किंवा डाळीच्या पिठाबरोबर वापरावे’ एवढे एक वाक्य छापले असते, तर ते त्या ५० टक्क्यांच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरले असते.

दुसरे वाक्य ‘भाजून वापरावे’ हे हवे. हा घाणा कच्च्या दाण्यांवर चालतो आणि लाकडी उखळीत माल फारसा तापत नाही. तेलाच्या दृष्टीने हा गुण आहे. पण कच्च्या शेंगदाण्यात ट्रिप्सिन या पाचक रसातल्या विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक असतात, आणि ते उष्णतेने निकामी होतात. भाजण्याचा टप्पा घाण्यात पुरा होत नसल्याने तो आपल्याला घरी पुरा करावा लागतो. मी एकदा घाईत न भाजता पीठ ताकात कालवून प्यायले आणि दुपारभर पोट फुगलेले राहिले. दोष कच्च्या पिठाचाच होता की माझ्या उतावळेपणाचा हे सांगता येणार नाही, पण तेव्हापासून न भाजलेले पीठ मी वापरत नाही.

आता त्या अढीमागच्या खऱ्या कारणाकडे येते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. ते कशाने मेले याच्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला माहीत झाले. अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी ओलसर किंवा फुटक्या दाण्यांवर वाढते आणि हे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाला कारण होते. घरच्या भाजण्या-शिजवण्याने ते नाहीसे होत नाही. गाळपात त्याचा बराच मोठा भाग तेलात न जाता पेंडीत राहतो, ही पेंड खाणाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तेलासाठी किडका, सुरकुतलेला, बुरसटलेला दाणा घेणारा घाणेवाला कदाचित तेलात निभावून जाईल, पण त्याची पेंड माणसाने खाण्यासारखी राहणार नाही. जनावरांचे तरी काही बिघडत नाही, असेही नाही. गाई-म्हशींनी असली पेंड खाल्ली की त्या विषाचे एक रूप दुधात उतरते, आणि म्हणूनच दुधासाठी त्याची स्वतंत्र मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यांना आपल्याकडे किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एवढे सूक्ष्म प्रमाण डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला कळणे शक्यच नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

या कसोटीवर आमचे दुकान अर्धे उतरते. दाणे चांगले असतात हे मी स्वतः पाहिले आहे. घाण्याशेजारी दोन बायका सुपात दाणे घेऊन काळे आणि सुरकुतलेले वेचून टाकत असतात, आणि ते वेचलेले दाणे खाद्य पेंडीच्या घाण्यात जात नाहीत. हातांनी केलेली ही निवड अफ्लाटॉक्सिनविरुद्ध खरोखरच कामाची असते, कारण विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसून थोड्याशा खराब दाण्यांत साठलेले असते. पण पेंडीची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे काय, याचे उत्तर “माल एक नंबर आहे, ताई” असे आले. हे उत्तर मला पुरले नाही. दर घाण्याला तपासणी परवडणार नाही हे मान्य आहे, पण नवी खरेदी आली की त्या लॉटची एकदा तपासणी करून अहवाल भिंतीवर लावायला हरकत नसावी.

आषाढातली पिशवी खराब निघाली. उघडताच खवट वास आला, आणि तळाशी पिठाचे गोळे झाले होते. घाण्यात शिंपडलेले पाणी पेंडीत राहते आणि ती त्याच दिवशी कडक उन्हात वाळवावी लागते. पावसाळ्यात ते ऊन मिळत नाही. तशात १५ टक्के तेल असलेले पीठ दळले की त्या तेलाला हवा चारही अंगांनी लागते, त्यामुळे अखंड पेंडीपेक्षा पीठ कितीतरी लवकर खवटते. पिशवीवर दळल्याची तारीख नव्हती. ‘सहा महिन्यांत वापरावे’ असे छापलेले होते, पण ते कोणत्या दिवसापासून मोजायचे याचा उल्लेख नव्हता. मी पिशवी परत नेली. मालकांनी वास घेतला, काही न बोलता ती गोठ्याच्या गोणीशेजारी ठेवली आणि पैसे परत दिले. त्यांचा सचोटीचा व्यवहार आवडला, पण बुरसट वाटणारे पीठ गोठ्याकडे वळवणे योग्य नाही हेही मी त्यांना सांगितले, आणि दुधाच्या मर्यादेची गोष्ट ऐकवली. त्यांना ती नवी होती.

दुकानात आणखी दोन पेंडी खाण्यासाठी ठेवलेल्या असतात. खोबऱ्याच्या पेंडीत प्रथिने कमी, साधारण वीस टक्के, पण तंतू भरपूर असतात. तिचा वास इतका गोड असतो की डोश्याच्या चटणीत ती सहज खपते, आणि खोबरेल सहसा लवकर खवटत नसल्याने ती टिकतेही. तिळाची पेंड मी एकदाच घेतली. ती न सोललेल्या तिळाची होती, आणि तिळाच्या सालीत ऑक्सॅलेट (कॅल्शियम अंगी लागू न देणारा घटक) व कडवटपणा दोन्ही असतात. पांढऱ्या सोललेल्या तिळाची पेंड मिळाली तर ती शेंगदाण्याच्या पेंडीला चांगली जोड देईल, कारण तिळात मेथिओनीन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल भरपूर असते आणि शेंगदाण्यात ते कमी असते. करडई आणि जवस यांच्या पेंडी मालक खाण्यासाठी विकत नाहीत, आणि मागितल्या तरी देत नाहीत. करडईची टरफले पेंडीत तशीच राहतात, तर जवसात सायनाइड सोडणारे घटक असतात. दुसरे कारण त्यांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण ‘नाही’ म्हणणारा दुकानदार मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटतो. सरकीची पेंड, जिला विदर्भात ढेप म्हणतात, तेथे येतच नाही, आणि गॉसिपॉल या सरकीतल्या विषारी घटकामुळे ती माणसाने खाण्याची वस्तूही नव्हे.

पैशांचा हिशेब सोपा आहे. ११० रुपयांच्या एक किलो पिठात ४०० ग्रॅम प्रथिने धरली तर शंभर ग्रॅम प्रथिने साडेसत्तावीस रुपयांना पडतात. माझ्या वाणसामानाच्या यादीतली तूरडाळ १५० रुपये किलोने आली, आणि तिच्यातली तेवढीच प्रथिने सत्तर रुपयांच्या जवळ गेली. अर्थात लायसीनचे वर सांगितले तेच कारण असल्यामुळे पेंड डाळीची जागा घेऊ शकत नाही. डब्यांत मिळणाऱ्या प्रोटीन पावडरीशी मी तुलना करत नाही, कारण त्या विकत घेणाऱ्यांना चटणी नको असते.

ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी या पिठाच्या जवळपासही फिरकू नये, कारण अॅलर्जी होते ती प्रथिनांमुळे, आणि येथे ती दाण्यापेक्षाही दाट झालेली असतात. इतरांना माझी शिफारस अशी की पेंड जरूर घ्यावी, पण पीठ न घेता ७० रुपयांची अखंड पेंड घ्यावी. ती दिवाळी ते होळी या काळात घ्यावी, तुकडा मोडून वास घ्यावा, घरी आणून दोन उन्हे द्यावीत, लागेल तेवढीच मिक्सरमध्ये दळून भाजावी आणि पंधरा दिवसांत संपवावी. पावसाळ्याचे चार महिने ती आणूच नये.

गेल्या आठवड्यात तेल आणायला गेले होते. पिठाच्या पिशव्यांवर ‘५० टक्के’ अजून तसेच आहे. छापील पिशव्या संपल्यावर बदलू, असे मालक म्हणाले. पण प्रत्येक पिशवीवर निळ्या बॉलपेनने दळल्याची तारीख घातलेली होती. माझ्या हातात आली ती तीन दिवसांपूर्वीची होती. बाहेर पाऊस होता, म्हणून मी ती परत फळीवर ठेवली.